मोबाइल, संगणक आणि आपला पैसा

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात केलेले भाषण)



'आधुनिक यंत्रे व आपण' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी संस्थेची सूचना होती. आम्ही अभियंता नाही. शिक्षण कला शाखेचे आणि नोकरी बँकेतली, कारकुनाची. पण यंत्रांची हौस मात्र कॉलेजच्या दिवसांपासूनची. वस्तीत कुणाला मोबाइल घ्यायचा असला की तो आधी आमच्याकडे येतो, आमचे ऐकून घेतो आणि मग दुकानदार सांगेल तोच घेतो. तेव्हा आज इतके श्रोते एकत्र सापडले आहेत, तर आमची मते जरा सविस्तर सांगून घेतो.

या विषयाला आम्ही महत्त्व का देतो ते आधी सांगितले पाहिजे. बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला घराघरांतल्या पैशाच्या वाटा दिसतात. दरमहा पाचशे रुपये टाकून जमवलेली आवर्ती ठेव मुदतीआधी मोडायला माणूस येतो. कारण विचारले तर म्हणतो, "साहेब, पोरीला मोबाइल पाहिजे, फॉर्म भरायचेत." ही गरज खोटी नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाच्या फेऱ्या, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल, सगळे आता पडद्यावर आले आहे. म्हणून मोबाइल घेऊच नका असा उपदेश करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण पाच वर्षे लागलेली बचत दोन वर्षांत निकामी होणाऱ्या वस्तूवर जात असेल, तर तिथे विचार व्हायला हवा. वस्तू केवढ्याची आहे हे सगळेच विचारतात. ती किती वर्षे उपयोगी पडेल हे कुणी विचारत नाही. आमच्या मते खरी किंमत काढायची तर किमतीला वर्षांनी भागले पाहिजे. बारा हजारांचा फोन दोन वर्षे टिकला तर वर्षाला सहा हजार पडला. अठरा हजारांचा सहा वर्षे टिकला तर वर्षाला तीनच हजार. महाग कोणता, हे तुम्हीच ठरवा.

इथल्या वडीलधाऱ्यांना नोकिया ११०० आठवत असेल. २००३ साली तो बाजारात आला. वर बारीकशी टॉर्च, धूळ व ओलावा सहन करील असे रबरी बटणांचे तोंड. जगभरात तो पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला. त्याची मोठी खुबी आमच्या मते पाठीमागे होती. नखाने झाकण उघडायचे, बॅटरी काढायची, दुसरी घालायची. बीएल-५सी नावाची ती बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची. पुढे तर लहान रेडिओंतही तीच बसू लागली. थोडक्यात, फोन म्हातारा झाला तरी त्याला नवे रक्त चढवता येत होते.

आजच्या फोनचे तसे नाही. तो चहूबाजूंनी गोंदाने बंद केलेला असतो. आत लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिची प्रकृती समजून घेण्यासारखी आहे. शून्यापासून शंभरपर्यंत एकदा भरणे म्हणजे एक आवर्तन. अर्धी अर्धी दोनदा भरली तरी ते एकच आवर्तन धरतात. साधारण पाचशे आवर्तने झाली की बहुतेक बॅटऱ्यांची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. काही नव्या फोनांत हा आकडा हजारापर्यंत गेला आहे. म्हणजे रोज एकदा पूर्ण भरणाऱ्याची बॅटरी दीड-दोन वर्षांत थकायला लागते. यात फोनचा काही दोष नाही, ते रसायनच तसे आहे. उष्णता हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज करणे, दुपारी उन्हात दुचाकीच्या हँडलवर लावणे, चार्जिंग चालू ठेवून तासन्‌तास गेम खेळणे, हे सगळे तिचे आयुष्य खाते. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवली तर ती जास्त टिकते.

बॅटरी थकली की लोक म्हणतात, "फोन स्लो झाला, नवा घ्यावा." यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे करतो, असे कंपनीचे म्हणणे. ते तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. पण ग्राहकाला कुणी सांगितलेच नव्हते, आणि कित्येकांनी फोन खराब झाला समजून नवा घेतला असणार. ओरड झाल्यावर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला, आणि २०२० मध्ये फ्रान्स सरकारने याच प्रकरणी कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. आपण यातून इतकेच घ्यावे की फोन मंदावला तर आधी बॅटरी तपासून पाहावी. ती बदलायचा खर्च नव्या फोनच्या तुलनेत किरकोळ असतो. मात्र अधिकृत सेवा केंद्रातच जावे. नकली बॅटरी फुगते, आणि पेटतेही.

दुसरी गोष्ट अद्ययावत करण्याची, म्हणजे ज्याला अपडेट म्हणतात त्याची. फोनच्या प्रणालीत नवनवीन छिद्रे सापडत असतात आणि कंपनी ती वेळोवेळी बुजवत असते. किती वर्षे बुजवणार, हे कंपनी ठरवते. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस-२४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. पण ते महागडे फोन. स्वस्त फोनांत ही मुदत पुष्कळदा फार थोडी असते, आणि खोक्यावर ती ठळक छापलेली नसते. दुकानात रंग कोणते आहेत हे विचारण्याआधी 'सुरक्षेचे अपडेट किती वर्षे' हे विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर कंपनीच्या माहितीत पाहा. आम्ही बँकवाले आहोत म्हणून हा आग्रह जास्त. ज्या फोनवर तुमचे यूपीआय चालते, त्याची दारे-खिडक्या बंद असायला नकोत का? शिवाय प्रणाली फार जुनी झाली की बँकेचे ॲपच त्यावर चालेनासे होते.

आता दुकानातल्या आकड्यांच्या खेळाविषयी. १०८ मेगापिक्सेल ऐकून माणूस दिपतो. प्रत्यक्षात तो कॅमेरा बहुतेक वेळा नऊ-नऊ ठिपक्यांचा एक ठिपका करतो आणि बारा मेगापिक्सेलचा फोटो हातात ठेवतो. पन्नासवाला चार-चारांचा एक करतो, त्याचेही साडेबारा होतात. फोटो चांगला येतो तो मोठ्या सेन्सरने आणि चांगल्या भिंगाने. पाठीमागे तीन डोळे दिसतात, त्यांतले दोन मेगापिक्सेलचे एक-दोन तर निव्वळ शोभेचे. तसेच 'आठ जीबी अधिक आठ जीबी' रॅमचे. पहिली आठ खरी. दुसरी आठ म्हणजे साठवणुकीतली जागा रॅम म्हणून वापरायला दिलेली, आणि साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. साठवणूक कोणत्या जातीची आहे हे मात्र कुणी विचारत नाही. ईएमएमसी असेल तर फोन वर्षभरात रेंगाळू लागण्याची शक्यता जास्त, यूएफएस असेल तर बरा चालतो. हा एक शब्द लक्षात ठेवलात तरी आजचे येणे सार्थकी लागले.

चार्जरच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. युरोपीय संघाने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलला यूएसबी-सी हे एकच तोंड सक्तीचे झाले. ॲपलने २०२३ मध्येच आयफोन १५ पासून ते स्वीकारले. कायदा तिकडचा, पण इकडेही घरातल्या चार फोनांना एक वायर चालू लागली.

'बिनव्याजी हप्ता' हा तर आमच्या रोजच्या धंद्याचा विषय. मित्रहो, बिनव्याजी पैसा कुणी देत नाही. समजा फोनची किंमत १८,००० रुपये आहे. रोख घेणाऱ्याला दुकानदार हजार रुपये सोडतो. हप्त्याने घेणाऱ्याला तीन-तीन हजारांचे सहा हप्ते. म्हणजे सतरा हजारांच्या वस्तूसाठी सहा महिन्यांत अठरा हजार दिले. हिशेब केला तर हे व्याज वर्षाला जवळजवळ २० टक्के पडते. त्यावर प्रक्रिया शुल्क निराळे, आणि क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर व शुल्कावर १८ टक्के जीएसटी निराळा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. तरी जाहिराती दुसऱ्या नावाने चालूच आहेत. हप्ता घ्यावाच लागला तर घ्यावा, पण 'रोख घेतले तर किती?' हा प्रश्न आधी विचारावा.

वापरलेला फोन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, मग थोडी जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. दूरसंचार विभागाच्या नोंदीत तो फोन बंद केलेला आहे का, हे कळते. मे २०२३ पासून संचार साथीवरही ही सोय आहे. चोरीचा फोन स्वस्तात मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्याच्या दारात पोलीस आले, तर तो फोन फार महाग पडतो.

मात्र 'टिकाऊ घ्या' म्हणतो तसेच 'नुसते स्वस्त घेऊ नका' हेही आम्हाला सांगायचे आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' नावाच्या टॅब्लेटचे मोठ्या थाटात अनावरण झाले. विद्यार्थ्यांसाठी जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. हेतू उत्तम होता. पण आत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि पडदा असा की बोट नुसते लावून भागत नव्हते, दाबावे लागत होते. पुढच्या वर्षी सुधारलेला 'आकाश २' आला, तोही विद्यार्थ्यांच्या दप्तरात रुजला नाही. गरिबाच्या मुलाला कमी प्रतीची वस्तू चालेल, हा विचारच मुळात चुकीचा आहे. ज्याच्याकडे एकच यंत्र असते त्याचे ते यंत्र जास्त भरवशाचे असायला हवे. श्रीमंताचा एक फोन बिघडला तर दुसरा असतो.

विद्यार्थ्यांना आमचे स्पष्ट मत सांगतो. हातात तीस हजार असतील तर तीसचा फोन घेऊ नका. बारा-तेराचा बरा फोन घ्या आणि उरलेल्या पैशांत वापरलेला लॅपटॉप घ्या. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षांनी बदललेले लॅपटॉप बाजारात येतात. ते मजबूत बांधणीचे असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर अभ्यासाला पुरून उरते. जुन्या संगणकात फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे यासारखा पैसा वसूल खर्च आम्ही दुसरा पाहिला नाही. एम.ए.चा प्रकल्प अंगठ्याने मोबाइलवर लिहिणारी मुले आम्ही पाहतो. जिद्दीचे कौतुक आहे, पण कळफलक समोर नसलेला माणूस मोठे लिहायला कचरतो. चार परिच्छेदांचे दोन करतो आणि पुढे तशी सवयच लागते.

इथे विंडोजविषयी बोलणे भाग आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेपुरती एक वर्षाची जादा मुदत दिली. विंडोज ११ घालायचे तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे २०१६ चा धडधाकट संगणक, कुठेही दुखत-खुपत नसताना, एका तारखेला निवृत्त. माणसाला तरी निवृत्तिवेतन मिळते! अशा संगणकांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली घालता येते. तिच्यात मराठी लिहिता येते, आणि कचेरीकामासाठी लिबरऑफिस आहे. "हे आपल्या मुलांना जमेल का?" असे कुणी विचारले तर केरळकडे बोट दाखवावे. तिथल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे मुले लिनक्सवरच शिकत आहेत. दुकानदार 'टाकून देतो' म्हणून चोरीचे सॉफ्टवेअर घालून देतो, त्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर आणखी काय आत आले ते कळत नाही, आणि त्याच संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो.

सॉफ्टवेअर आता विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. दरवर्षी पैसे भरा, नाही भरले तर दार बंद. आणि जे फुकट मिळते ते कधी बंद होईल याचा नेम नाही. ऑर्कुट आठवते का? आमच्या पिढीची निम्मी मैत्री तिथे झाली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी गेले. ज्यांनी आपले लिखाण व फोटो वेळेत काढून घेतले नाहीत त्यांचे सगळे त्याबरोबर गेले. म्हणून कोणतेही ॲप वापरण्याआधी आम्ही एकच पाहतो, की यात घातलेले उद्या बाहेर काढता येईल का. फोटो दोन ठिकाणी ठेवावेत, आणि त्यांतले एक ठिकाण आपल्या कपाटातले असावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुद्दाम हा विषय स्वीकारला तिच्याकडे येतो. ती म्हणजे आपले मराठी अक्षर.

१९९० च्या दशकात खिळ्यांची जुळणी जाऊन संगणकावर मजकूर जुळवणे सुरू झाले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी साधने आली. त्यांनी मराठी छपाईवर फार उपकार केले, यात शंका नाही. पण त्या वेळच्या फाँटची रचना अशी होती की संगणकाला मराठी कळतच नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. आपण पडद्यावर 'क' पाहायचो, संगणक तिथे भलतेच इंग्रजी चिन्ह साठवायचा. आणि कोणत्या जागेवर कोणते अक्षर, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यामुळे तो फाँट संगणकात असेल तोवर मराठी, फाँट गेला की फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी खडी.

याला उपाय युनिकोडचा. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि तिची मांडणी आपल्याकडच्या इस्की या भारतीय प्रमाणावर आधारलेली होती. 'क' म्हणजे ०९१५, मग फाँट कोणताही असो, संगणक कुठलाही असो. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला आणि सामान्य संगणकावर हे शक्य झाले. आज तुम्ही मोबाइलवर मराठी संदेश पाठवता आणि तो दुबईतल्या भावाला तसाच दिसतो, तो याच्यामुळे.

टंकलेखनाबाबत आमचे मत ठाम आहे. विद्यार्थ्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी. दोन आठवडे रोज अर्धा तास दिला की हात बसतो. रोमन अक्षरांत लिहून त्याचे मराठी करण्याची पद्धत सोपी आहे, पण तिथे शब्द आपण निवडत नाही, यंत्र सुचवते ते घेतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' पाहा. पहिल्या डोंगरातल्या, दुसरा समुद्र. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांतला फरक तर कार्यक्रमाच्या संयोजकांना चांगलाच ठाऊक आहे. इन्स्क्रिप्टमध्ये हा आडवा रफार नुक्त्याच्या 'ऱ' ला हलन्त जोडून अचूक लिहिता येतो.

आपल्या संस्थेच्या जुन्या स्मरणिका घ्या. १९९४ पासूनच्या काही अंकांच्या फाइली फ्लॉपीवर आणि पुढच्या सीडीवर आहेत. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावते, आज एका फोटोलाही ती पुरत नाही. फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधावे लागते, आणि वाचले तर आत ती इंग्रजी खडी. त्या अंकांत काय आहे? संस्थेच्या वास्तूसाठी अकरा रुपये, एकवीस रुपये देणाऱ्यांच्या याद्या आहेत. ज्यांचे नाव दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात छापले गेले नाही अशा गिरणी कामगारांची, झाडूकामगार भगिनींची, शिक्षकांची नावे आहेत. उद्या एखादी मुलगी आपल्या पणजोबांचे नाव संगणकावर शोधेल, तर तिला ते सापडणार नाही. नाव तिथे असेल, पण संगणकाला ते नाव म्हणून दिसणारच नाही.

हे काम अवघड नाही, किचकट आहे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरक साधने उपलब्ध आहेत. जिथे फाइलच गेली तिथे छापील पान स्कॅन करून त्यातली देवनागरी अक्षरे संगणकाकडून ओळखून घेता येतात. दोन्ही प्रकारांत माणसाला एकदा नजर फिरवावी लागते. दहा-बारा विद्यार्थ्यांनी रविवारचे दोन तास दिले तर वर्षभरात सगळे अंक शोधता येतील अशा स्वरूपात येतील. शिकवायला आम्ही बसू. कार्यालयातल्या दोन जुन्या संगणकांवर लिनक्स घालून ठेवलेच आहे.

ज्यांच्या घरी जुन्या फ्लॉप्या, सीड्या किंवा पेन ड्राइव्ह असतील त्यांनी ते कार्यालयात आणून द्यावे. फाइल उघडून पाहण्याचा किंवा दुसऱ्या नावाने साठवण्याचा प्रयत्न करू नये, आहे तशीच द्यावी. मजकूर कोणत्या छापखान्यात आणि कोणत्या फाँटमध्ये जुळवला होता हे आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून सोबत जोडावे. छापील अंक असेल तर तोही परत करण्याच्या बोलीवर द्यावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, आणि देणगीदाराचे आडनाव नेमके काय होते, हे त्या छापील पानावरूनच ठरवावे लागते.